आजोबांना पाणथळावर जाऊ द्यावे का?

नोव्हेंबर उजाडला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. विचारणारा बहुधा मुलगा असतो, नाहीतर सून किंवा लेक. ज्यांच्याविषयी विचारायचे, ते गृहस्थ किंवा त्या बाई शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेल्या असतात. ‘‘डॉक्टर, बाबा म्हणताहेत, निसर्ग मंडळाबरोबर रविवारी पक्षी पाहायला जायचे. ते लोक पहाटे साडेपाचला निघतात. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आता तुम्हीच सांगा त्यांना.’’ ‘तुम्हीच सांगा’ म्हणजे ‘तुम्ही नाही म्हणा’ हे खोलीतल्या सगळ्यांनाच कळलेले असते.

मी सहसा नाही म्हणत नाही. आधी तपासतो, काही अटी घालतो आणि मग जा म्हणतो. असे का करतो, आणि कोणाला मात्र खरोखरच घरी थांबवतो, हे यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडावर सविस्तर लिहावे असे वाटले.

नकार देणे हे सुरक्षित उत्तर आहे, अशी आपली एक समजूत असते. औषधाला दुष्परिणाम असतात, शस्त्रक्रियेत धोका असतो, घरी बसण्यात मात्र काही जात नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक सत्तरीनंतर घरी बसण्याइतके महागडे औषध दुसरे नसेल. हिवाळ्याचे तीन-चार महिने ज्येष्ठ माणूस दिवाणखान्यातील सोफा आणि शयनगृह एवढ्यातच फिरला, तर मांड्यांचे स्नायू झपाट्याने रोडावतात. फेब्रुवारीत तेच आजोबा खुर्चीतून उठताना हातांचा आधार घेऊ लागतात आणि मार्चमध्ये कुठेतरी तोल जातो. एकटेपणाचे तर काय सांगावे! जोडीदार गेल्यानंतरचा पहिला हिवाळा किती जणांना आतून पोखरतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो. भूक लागत नाही, झोप येत नाही, कशात रस वाटत नाही अशा तक्रारी घेऊन ही माणसे येतात. रक्ताचे सगळे अहवाल व्यवस्थित असतात.

पक्षिनिरीक्षणात या सगळ्यावर थोडाथोडा उतारा आहे. चालणे आहे, पण घाईचे नाही. दर पन्नास पावलांवर थांबावेच लागते. मंडळी आहेत, पण सतत बोलण्याची सक्ती नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या मोबाईलवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवून त्यांनी मनःस्थितीची नोंद घेतली. पक्षी दिसल्यानंतर किंवा ऐकू आल्यानंतर लोकांना अधिक बरे वाटत होते, नैराश्याचे निदान झालेल्यांनाही, आणि तो परिणाम काही तासांपर्यंत टिकत होता. यावरून पक्षी हे नैराश्यावरचे औषध ठरत नाही. चालू असलेल्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. परंतु पक्ष्यांच्या सहवासात बरे वाटते, हे केवळ हौशी लोकांचे म्हणणे नव्हे, एवढे त्यातून दिसते.

आता जायचे कुठे? आम्हा नाशिककरांना हा प्रश्न फारसा पडत नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. गाळ साचून तेथे उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचा मोठा पसारा तयार झाला, आणि माणसाने शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांनी हक्क सांगितला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला तो याच जागेला. हिवाळ्यात येथे थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चक्रवाक असे दूरदेशीचे पाहुणे उतरतात. जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक, शराटी ही मंडळी तर घरचीच. पुण्याकडच्या वाचकांना उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण जवळ, मुंबई-ठाणेकरांना ठाण्याची खाडी आणि तिथले रोहित, मराठवाड्यातल्यांना जायकवाडी. भिगवणला हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला खेचून घेते. आमच्या दम्याच्या रुग्णांना हे सांगितले की त्यांना त्या हंसाचा हेवा वाटतो.

ज्येष्ठांना मी जंगलापेक्षा पाणथळ जागा सुचवतो. त्यामागे वैद्यकीय कारण आहे. जंगलात पक्षी डोक्यावरच्या फांद्यांत असतात. मान मागे टाकून दहा-दहा मिनिटे वर पाहत राहिले, की मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या माणसाला भोवळ येते, खांद्यापर्यंत कळ जाते. पाण्यावरची बदके मात्र डोळ्यांच्या रेषेत असतात, एका जागी बराच वेळ राहतात आणि खुर्चीत बसूनही दिसतात. आकाशात घिरट्या घालणारा भोवत्या पाहायचाच असेल, तर खुर्चीच्या पाठीला टेकून पाहावे, उभ्याने नको.

दुसरी सूचना वेळेची. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो; नांदूर मधमेश्वर त्याच तालुक्यात आहे, हे विसरू नये. थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. मुळात हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात, त्यात ही भर. मग पहाटे साडेपाचचा हट्ट कशासाठी? झाडीतील लहान पक्षी पहाटे अधिक बोलतात हे खरे. पण बदके नऊ वाजताही तेथेच असतात. उलट धुके विरल्यावर ती अधिक स्पष्ट दिसतात. मंडळाच्या चालकांना माझी विनंती असते, की महिन्यातून एक फेरी ज्येष्ठांसाठी ठेवावी. साडेसातला निघावे, नऊपर्यंत पोहोचावे, दुपारच्या जेवणाला घरी यावे. तरुण सभासद यावर नाके मुरडतात. मुरडू द्यावीत, तेही एक दिवस सत्तरीचे होणार आहेत.

आता अटी.

पहिली अट रक्तदाबाची. निघण्याच्या आठवड्यात तो मोजलेला असावा. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, तर आधी उपचार, नंतर पक्षी. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेला आहे, छातीतील दुखणे अलीकडे वाढले आहे, बसल्या जागी धाप लागते, पायांवर नव्याने सूज आली आहे, ताप आहे, महिन्याभरात पडणे झाले आहे किंवा भोवळ येते आहे, अशांनी घरीच थांबावे आणि आपल्या डॉक्टरांना भेटावे. बाकीच्यांसाठी एक साधी कसोटी सांगतो. सपाट रस्त्यावर वीस मिनिटे न थांबता चालता येते का, आणि एक मजला जिना चढून गेल्यावर बोलता येते का? येत असेल, तर पाणथळाच्या काठाने रमतगमत जाण्यास हरकत नसावी. प्रश्नातल्या त्या आजोबांना मी हेच करायला लावले. जिना चढून ते वर आले आणि त्यांनी मला पट्टकादंबाविषयीच ऐकवायला सुरुवात केली. मुलाने हसून हात जोडले.

मधुमेहींची गोष्ट थोडी निराळी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सहलीच्या सकाळी घाई असते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली जाते, इन्शुलिन टोचले जाते, आणि नाश्ता मात्र ‘तिथे पोहोचल्यावर करू’ म्हणून राहून जातो. वाटेत गाडी थांबते, कोणीतरी नीलपंख दाखवतो, आणि नाश्त्याला साडेनऊ होतात. तोवर साखर उतरलेली असते. हात थरथरतात, तेव्हा बरोबरच्यांना वाटते की थंडीने कापताहेत. येथेच फसगत होते. थंडीने कापणाऱ्याला घाम येत नाही. कडाक्याच्या गारठ्यात मधुमेही माणसाच्या कपाळावर घाम दिसला, तो गोंधळल्यासारखा किंवा उगाच चिडून बोलू लागला, तर साखर उतरली असे समजावे. तो शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि नंतर पोळी किंवा बिस्किटे खायला लावावीत. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा. ज्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांच्यावर घरच्या साखरेचा परिणाम उशिरा होतो. त्यांनी खिशात ग्लुकोजची पूडच ठेवावी. आपल्या गोळ्यांत हे औषध आहे का, हे वेष्टनावर वाचता येते. बारीक अक्षर दिसत नसेल, तर नातवंडांकडून वाचून घ्यावे. गोळी आणि नाश्ता यांची जोडी फोडायची नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

एक विषय असा आहे की जो कोणी उघडपणे काढत नाही. लघवीचा. पाणथळावर सोय नसेल या भीतीने अनेक स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. वय वाढले की तहानेची जाणीव मुळातच मंदावते, त्यात हा उपास. मग दुपारी डोके दुखते, पायांत गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पुढच्या आठवड्यात मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन त्या दवाखान्यात येतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची अडचण वेगळी, पण लाज तीच. तेव्हा मंडळाच्या चालकांना ‘कोणते पक्षी दिसतील’ हे विचारण्यापूर्वी ‘स्वच्छतागृह कुठे आहे’ हे विचारावे. चालकांनीही सूचनापत्रात ते न मागता लिहावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या दिवशी परत आल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. मनाने वेळ बदलू नये. टॅमसुलोसिनसारखे प्रोस्टेटचे औषध घेणाऱ्यांनी बसल्या जागेवरून झटकन उठू नये. बाजूला खंड्याने सूर मारला तरी नको. आधी पाय हलवावेत, काठी हाती घ्यावी आणि मग उभे राहावे.

पडण्याची भीती ही मुलांची सर्वांत मोठी भीती असते, आणि ती अनाठायी नाही. दवाने ओले झालेले गवत, बंधाऱ्याचा उतार, मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या ही सगळी घसरण्याचीच ठिकाणे. त्यातून बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा. खाली पाहताना नजर त्याच्या वाचनाच्या भागातून जाते, आणि पायापुढची जमीन पुसट दिसते. शक्य असेल त्यांनी सहलीसाठी फक्त दूरचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. पक्ष्यांच्या नावांचे पुस्तक वाचायला शेजारी कोणीतरी असतेच. बूट खालून खाचांचे हवेत, काठीला रबरी टोपण हवे. दुर्बीण डोळ्यांना लावून एकही पाऊल टाकायचे नाही. आमच्या मंडळात हा नियम तरुणांनाही लागू आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी मनोरा चढण्याचा मोह टाळावा. चापडगावच्या बाजूला खाली घडीची खुर्ची टाकून बसले, तरी पुष्कळ काही दिसते. भिगवणला होडीतून नेतात; ज्यांचा तोल जातो त्यांनी काठावरूनच आनंद घ्यावा असे माझे मत आहे, चढता-उतरताना ती होडी फार हलते.

दुर्बिणीविषयी दोन शब्द. मुले प्रेमाने सर्वांत शक्तिमान दुर्बीण आणून देतात, आणि ती कपाटात पडून राहते. दहा-बारा पट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही तितकाच मोठा करते. ज्येष्ठांना आठ पट पुरते. ८ गुणिले ३२ या मापाची दुर्बीण ८ गुणिले ४२ पेक्षा हलकी असते. गळ्यात पट्टा अडकवण्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्यावा, म्हणजे मानेवर भार येत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यांकडची रबरी वाटी खाली फिरवून घ्यावी. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतात, त्यासाठी एका भिंगाजवळ जुळवणीची चकती असते. मंडळातील जाणत्याकडून ती एकदा लावून घेतली, की ‘मला दुर्बिणीतून काही दिसतच नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा संपते. उरलेल्या निम्म्या वेळा कारण मोतीबिंदू असतो. मोतीबिंदूमुळे निळा रंग मळतो. शस्त्रक्रिया झालेले गृहस्थ पहिल्या सहलीत खंड्याची पाठ पाहून अवाक होतात. वर्षानुवर्षे त्यांनी तो रंग तपकिरी काचेतून पाहिलेला असतो.

कानांचेही तसेच. माझ्या एका रुग्णाला बहिरेपणा आहे, हे घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते. दूरदर्शन मोठ्याने लावतात, एवढीच कुरबुर होती. सहलीत मात्र सगळे जण फुलटोच्याचा बारीक ‘चिक्’ ऐकून झाडाकडे वळत, आणि हे दुसरीकडेच पाहत उभे असत. भारद्वाजाचे घुमणे त्यांना छान ऐकू येई. वयानुसार येणारा बहिरेपणा असाच असतो. उंच पट्टीचे आवाज आधी जातात आणि खालच्या पट्टीचे शेवटपर्यंत राहतात. माणसाच्या बोलण्यातील स, श, फ ही व्यंजनेही उंच पट्टीतली. म्हणून ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे हे लोक म्हणतात. श्रवणचाचणी झाली, यंत्र बसले. आता ते फुलटोच्यापेक्षा नातीच्या बोलण्याविषयी अधिक सांगतात. यावरून एक आठवले. माकडटोपी उबदार असते, पण कान झाकते. पक्षी ऐकायचे तर लोकरीची टोपी आणि मफलर बरा. मफलर नाकावरून घ्यावा, म्हणजे श्वासातली हवा थोडी उबदार होऊन आत जाते. दम्याच्या रुग्णांनी झटका आल्यास घ्यायचा पंप पिशवीच्या तळाशी न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवावा. फ्लूची लस थंडीपूर्वीच घेतलेली उत्तम. न्यूमोनियाच्या लशीविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

हृदयविकार असलेल्यांसाठी एवढेच, की चालताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘पुढच्या वळणावर बसू’ असे म्हणायचे नाही. तेथेच बसावे, जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर बसूनच घ्यावी, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ बोलवावी. सहलीच्या प्रमुखाला आपला आजार आधीच सांगून ठेवण्यात कमीपणा नाही.

काळजीवाहकांशी थोडे स्वतंत्रपणे बोलायचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा कंपवाताने त्रस्त पतीची शुश्रूषा करणाऱ्या बायका स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरतात, पण त्यांची एकही वेळ चुकवत नाहीत. अशा एका बाईंना मी महिन्यातून एक सकाळ घराबाहेर काढण्यासाठी वर्षभर मागे लागलो होतो. देवळात जा म्हटले तर ‘देव घरी आहे’ म्हणत. अखेर धाकटी जाऊ चार तास बसायला तयार झाली आणि बाई मंडळाबरोबर गेल्या. परत आल्यावर त्यांनी पतीच्या उशाशी बसून काय काय दिसले ते सांगितले. आठवड्यात त्या दोघांचे औषधाव्यतिरिक्त झालेले तेवढेच बोलणे, असे त्या म्हणाल्या. काळजीवाहकाने स्वतःसाठी चार तास काढणे ही चैन नव्हे. तो थकला तर रुग्णाचे काय होणार, याचा विचार घरातील इतरांनी करावा आणि ते चार तास आपण होऊन द्यावेत.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला बरोबर नेत असाल, तर परीक्षा घेऊ नका. ‘हा कोणता पक्षी? परवा सांगितला होता ना?’ या प्रश्नाने त्यांचा चेहरा पडतो. नाव आठवले नाही तरी पाहण्यात काही उणे नसते. त्यांनी बोट दाखवले की आपण त्या दिशेला पाहावे, एवढे पुरे. गर्दीच्या रविवारपेक्षा शांत वार निवडावा आणि तासाभरात परतावे.

जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यांच्यासाठीही हिवाळा रिकामा नसतो. खिडकीजवळ खुर्ची किंवा पलंग सरकवा. थंडीच्या दिवसांत कुंपणाच्या भिंतीवर शेपटी थरथरवणारा एक काळसर, पोटाशी तांबूस पक्षी येतो, तो थिरथिरा. गच्चीवर शेपूट खालीवर करत धावतो तो धोबी. बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी तर बारमाही. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असेल, तर मराठी नावांचा खजिनाच मिळतो. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सलीम अलींचे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. फेब्रुवारीत जगभर चार दिवस अंगणातील पक्ष्यांची गणना होते. किमान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. ही नोंद खिडकीतूनही चालते. मोबाईलवरची नोंद नातवंडाने करावी, मोजणी आजीने. मात्र कबुतरांना दाणे टाकण्याचा छंद कोणी लावून घेऊ नये. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. खिडकीत साचलेली विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून दुसऱ्या कोणीतरी काढावी.

येत्या रविवारी निघणार असाल, तर शनिवारी रात्री एका पुठ्ठ्यावर आपले नाव, आजार, सर्व औषधे मात्रेसह, कशाची अॅलर्जी आणि घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक लिहा. तो पुठ्ठा सदऱ्याच्या किंवा पर्समधल्या वरच्याच कप्प्यात ठेवा, आणि मंडळाच्या प्रमुखाला तो कुठे आहे ते सांगा. बदके फेब्रुवारीअखेर परतीला लागतात. रक्तदाब आणि साखर तपासायची राहिली असेल, तर ती याच आठवड्यात तपासून घ्या.